खाडी राखण्याचा मोबदला कोणाला?

परिसंस्थेच्या सेवांसाठी मोबदला देण्याची कल्पना कागदावर सोपी आहे. जंगल, पाणथळ जागा, खाडी यांपासून कोणाला तरी लाभ होतो. तो लाभ टिकावा म्हणून दुसरे कोणी तरी झीज सोसते. तेव्हा पहिल्याने दुसऱ्याला पैसे द्यावेत. ठाणे खाडीत हीच कल्पना उतरवायची म्हटली की पहिला कोण, दुसरा कोण आणि पैसे कसले, या तिन्हींवरून वाद सुरू होतो. वाशी पुलाचे मुंबईकडचे टोक मानखुर्दला टेकते. तिथून उत्तरेला ऐरोली पुलापर्यंत, खाडीच्या पश्चिम काठाने, ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य पसरले आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र १,६९० हेक्टर. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाणी. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मोबदल्याची कल्पना उचलून धरणारा आणि तिच्याकडे संशयाने पाहणारा, या दोघांच्या बाजू इथे याच खाडीवर घासून पाहिल्या आहेत.

पुरस्कर्ता : कांदळवनाला किंमत नव्हती तोवर त्याची गणना पडीक जमिनीत होत होती. भराव टाका, राडारोडा लोटा, गोदाम उभारा. विचारणारे कोणी नव्हते. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तोडीवर बंदी घातली, सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ती पक्की झाली आणि कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षणाखाली आला. मधल्या काळात, जानेवारी २०१२ मध्ये, राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. हे सगळे हवेच होते. पण बंदी फक्त काय करू नये ते सांगते. ओहोटीला काठावर उतरले की तिवरांची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली दिसतात, आणि भरतीने आणून त्यांना गुंडाळलेल्या पिशव्या, चिंध्या, दुधाची रिकामी पाकिटे. मुळे अशी झाकली गेली की झाड गुदमरते. कुऱ्हाड न लागताही मरते. साफसफाईच्या मोहिमा होतात, फोटो निघतात, पुढच्या उधाणाला काठ पुन्हा होता तसा. तिथे रोज जाणारा माणूस म्हणजे खाडीवर पोट असलेला कोळी. त्याला करारातला, ठरलेला, दरवर्षीचा मोबदला मिळाला तर राखण हे त्याचे काम होईल. कोस्टा रिकाने १९९६ च्या वनकायद्यात कार्बन, पाणी, जैवविविधता आणि निसर्गसौंदर्य या चार सेवा मान्य करून इंधनावरच्या करातून जंगलधारकांना पैसे देणे सुरू केले. आपल्याकडे हिमाचलात पालमपूर नगरपरिषदेने बोहल झऱ्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या गावकऱ्यांशी २०१० मध्ये करार केला : त्यांनी जंगल राखायचे, शहराने वर्षाला ठरलेली रक्कम द्यायची. लहानशा शहराला जे जमले ते मुंबईला जमू नये?

साशंक : पालमपुरात झरा एक, गाव माहितीचे, पाणी पिणारे शहरही एकच. खाडीत तसे काहीच नाही. कोस्टा रिकाची गोष्टही अर्धीच सांगितली गेली. सुरुवातीच्या वर्षांत तिथे जमिनीची कागदपत्रे असलेल्यालाच मोबदला मिळे. ज्याच्याकडे कागद नाही, पण पिढ्यान्पिढ्या जंगल सांभाळले, तो बाहेर. मोठा जमीनमालक आत. पुढे अटी सैल कराव्या लागल्या. आता ठाणे खाडीकडे पाहा. खाडीचा सातबारा कोणा कोळ्याच्या नावावर नसतो. पाणी सरकारचे, कांदळवन वनखात्याचे. करार जमीनधारकाशी करायचा तर सरकारच सरकारला पैसे देणार. मच्छीमार सहकारी संस्थेशी करू म्हणाल, तर सभासदत्व आणि परवाना सहसा होडी नि जाळे असलेल्याकडे. ओहोटीला गुडघाभर गाळात उतरून निवट्या पकडणारी, कालवे फोडणारी, शिंपल्या वेचणारी बाई ना होडीची मालक, ना परवानाधारक. तिचे हत्यार म्हणजे हात, कोयती आणि टोपली. चिखल कुठे सडला, कुठला पट्टा मेला हे तिला सगळ्यांच्या आधी कळते. मोबदल्याच्या यादीत ती सर्वांत शेवटी येईल, आणि काठावर जायचे नाही हा नियम मात्र सर्वांत आधी तिलाच लागेल.

पुरस्कर्ता : हा आक्षेप मोबदल्यावरचा नाही, हक्काच्या नोंदीवरचा आहे. हक्क आधी ठरलेला असेल तर मोबदला गरिबापर्यंत पोचतो, याचे उदाहरण मेक्सिकोत आहे. २००३ पासून तिथे पाणीपट्टीतून वेगळा काढलेला पैसा जंगल राखणाऱ्यांना मिळू लागला आणि त्याचा बराच भाग सामाईक जमीन असलेल्या गावांकडे गेला. क्रांतीनंतरच्या जमीनवाटपात ती जंगले गावाच्या नावावर लागलेली होती म्हणून. आपल्याकडेही सातबारा नसताना हक्क मान्य झाल्याचा दाखला आहे, आणि तो मानखुर्दच्या दारातलाच. मानखुर्द-वाशी मार्गावरच्या तिसऱ्या ठाणे खाडी पुलाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये पारंपरिक मच्छीमारांचा खाडीत मासेमारी करण्याचा रूढ हक्क मानला, प्रकल्पामुळे बुडणाऱ्या उपजीविकेची भरपाई दिली पाहिजे असे म्हटले आणि शासनाला त्यासाठी धोरण करायला लावले. २०२३ मध्ये राज्याचे ते धोरण आले. जमीन नावावर नसलेल्या माणसाचे पाण्यावर काही तरी आहे, एवढे सरकारदरबारी लिहिले गेले. मोबदल्याची व्यवस्था याच पायावर उभी राहू शकते.

साशंक : तो निकाल मोठा आहे, यात वाद नाही. पण तिथे पैसे कशाचे मिळाले ते बघा. पूल ठरला, आखणी ठरली, खांबांच्या जागा ठरल्या; मग नुकसान किती एवढाच प्रश्न उरला. पूल होऊ नये असे म्हणण्याची मुभा कोळ्याला कोणत्याच टप्प्यावर नव्हती. मोबदल्याचा करार ऐच्छिक असतो असे पुस्तके सांगतात. नाही म्हणता येत नसेल तर त्या होकाराला अर्थ काय? जंगलाच्या किमतीचा आपल्याकडचा अनुभवही हाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात २००२ मध्ये वनजमीन वळवणाऱ्याकडून हेक्टरी ५.८० लाख ते ९.२० लाख रुपये निव्वळ वर्तमान मूल्य म्हणून घ्यायचे ठरवले. हेतू असा की जंगल तोडणे महाग पडावे. झाले असे की हजारो कोटींच्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात ही आणखी एक ओळ झाली. जमलेला पैसा २०१६ च्या भरपाई वनीकरण निधी कायद्याने राज्ये आणि केंद्र यांत ९० आणि १० टक्के असा वाटला गेला. तो खर्च करणारे वनखाते. ज्याचे जंगल गेले त्या गावाच्या हाती तिजोरीची किल्ली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार कांदळवृक्ष तोडायला परवानगी मिळाली, बदल्यात पैसे भरायचे आणि दुसरीकडे झाडे लावायची. ठाणे खाडीच्या काठावर, मानखुर्दजवळच्या मंडाळ्याच्या बाजूला, कांदळवनात कोणी पत्र्याची खोली ठोकली तर बुलडोझर येतो. खोली पाडलीच पाहिजे असे म्हणता येईल. पण एकाने केलेल्या तोडीला दर आहे आणि दुसऱ्याने केलेल्या तोडीला गुन्हा आहे, हा फरक झाडाने ठरवलेला नाही.

या टप्प्यावर एक गल्लत दूर केली पाहिजे, कारण दोघेही तीन निरनिराळ्या पैशांबद्दल एकाच दमात बोलत आहेत. कोळ्याची मासळी बुडाली म्हणून मिळते ती भरपाई. झाडे तोडणारा भरतो ते शुल्क. खाडी राखली म्हणून राखणाऱ्याला मिळावा तो मोबदला. मुंबईत पहिल्या दोहोंची व्यवस्था आहे, अपुरी का होईना. तिसऱ्याबद्दल परिषदांमधून जितके बोलले जाते, त्या मानाने ठाणे खाडीत त्याचे काहीच दिसत नाही.

पुरस्कर्ता : अगदीच काही नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१५ मध्ये राज्याने कांदळवन प्रतिष्ठान स्थापन केले. प्रकल्पांकडून आलेल्या निधीच्या आधारावर २०१७ पासून कांदळवन संरक्षण व उपजीविका योजना चालते. चिंबोरीपालन, कालवपालन, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन यांसाठी काठावरच्या गटांना अनुदान मिळते; गटाने वाटा घालायचा तो थोडासाच. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून पर्यटक होडीने रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला जातात. ही मोबदल्याचीच ओबडधोबड रूपे आहेत. कांदळवन उभे राहिले तर चिंबोरी राहील, चिंबोरी राहिली तर गटाचा हप्ता फिटेल. आणि किंमत लावण्याला विरोध करताना हेही लक्षात घ्यावे की किंमत न लावल्याने खाडी अमूल्य ठरत नाही. प्रकल्पाच्या हिशेबात तिच्यापुढे शून्य लिहिले जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाणी उतरायला जागा न उरल्याची किंमत शहराने मोजलीच. ती कोणत्या खात्यावर टाकायची हे आधी ठरलेले नव्हते, म्हणून ती ज्याच्या त्याच्या घरात शिरली.

साशंक : योजना चांगली असेल, सिंधुदुर्गात तिला फळ आले असेल. पण अनुदान आणि करार यांत फरक आहे. अनुदानात लाभार्थी असतो. त्याला कोणी तरी निवडते, कोणी तरी वगळते. करारात समोरासमोर बसलेले दोन पक्ष असतात, आणि एकाने शब्द मोडला तर दुसऱ्याला जाब विचारता येतो. कोळ्याने चिंबोरी नीट सांभाळली नाही तर खाते त्याला जाब विचारेल. शहराने पाणी नासवले तर कोळी कोणाला जाब विचारणार? मानखुर्दचा प्रश्न इथे सिंधुदुर्गापासून वेगळा होतो. घाटकोपर आणि भांडुपकडचे सांडपाणी याच खाडीत येते. १९२७ पासूनची देवनारची कचराभूमी खाडीच्या काठाला लागून आहे. पावसात तिचे झिरपणारे पाणी आपली वाट शोधतेच. म्हणजे खाडीचा लाभ घेणारे जे शहर, तेच तिला बिघडवणारे. पुस्तकात लाभार्थी पैसे देतो आणि प्रदूषक दंड भरतो. इथे दोघे एकच आहेत, आणि त्याला आपण लाभार्थीच्या खुर्चीत बसवतो, कारण तिथे बसलेला माणूस दाता दिसतो. दंडाच्या खुर्चीत बसवले तर तो आरोपी दिसेल. मोबदला निकालावर दिला, म्हणजे पाणी सुधारले तर पैसे, तर शहराच्या घाणीची जोखीम कोळ्याच्या डोक्यावर. श्रमावर दिला, म्हणजे प्लास्टिक काढले तर पैसे, तर तो सफाईचा ठेका झाला, आणि सफाईच्या ठेक्यात मजुराची काय गत असते ते या विभागाला नव्याने सांगायला नको.

पुरस्कर्ता : सुधारणा कोणत्या दिशेची हेही वाटते तितके सरळ नाही. इथल्या लहान रोहितांचे खाद्य म्हणजे निळे-हिरवे शेवाळ, आणि ते वाढते मैल्यातल्या पोषकद्रव्यांवर. लाखभर पक्षी येतात, अभयारण्य होते, रामसरचा फलक लागतो, त्यामागे शहराच्या गटाराचाही हातभार आहे. पाणी पूर्ण शुद्ध झाले तर मासळी सुधारेल, पण पक्षी तितकेच राहतील असे नाही. तेव्हा कोणत्या सेवेचे पैसे द्यायचे, पक्ष्यांचे की मासळीचे, हे कोणाला तरी ठरवावे लागेल. पर्यटकाला पक्षी हवेत. कोळ्याला बोईट, कोलंबी, चिंबोरी हवी.

साशंक : आणि ज्याचे पैसे, त्याची निवड. सत्तेबद्दलचा मुख्य मुद्दा तुमच्याच तोंडून आला. ज्या सेवेला गिऱ्हाईक आहे तीच सेवा मोजली जाते. कार्बनला जगभर गिऱ्हाईक आहे, फ्लेमिंगोला कॅमेऱ्यांचे गिऱ्हाईक आहे. निवट्यांना फक्त चुलीवरच्या कालवणाचे.

पुरस्कर्ता : मग गिऱ्हाईक बदलू. सेवेची खरेदी बाजारावर न सोडता शहरावर टाकू. मुंबईला दररोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी पुरवले जाते. त्यातले बहुतेक ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांतल्या धरणांतून येते : १८९२ चे तानसा, मग मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा, २०१४ चे मध्य वैतरणा. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत तिथल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. पाणलोटाचे जंगल त्यांच्या उशाशी, पाणी मुंबईच्या नळाला. पाणीपट्टीत लिटरमागे नगण्य अधिभार लावला तर एक हिस्सा शहापूर-मोखाड्याच्या पाणलोटाला, एक हिस्सा खाडीच्या राखणीला देता येईल. वरचे पाणी जिथून येते आणि खालचे जिथे जाते, दोन्ही टोके एकाच बिलात.

साशंक : कल्पना देखणी आहे. आता ती मानखुर्दहून पाहा. मानखुर्दचा एम-पूर्व विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरात तळाला होता. इथल्या कितीतरी वस्त्यांत अधिकृत नळ नव्हता म्हणून लोक पिंपाने पाणी विकत घेत आले, तेही इमारतीतल्या माणसाच्या दराच्या कित्येक पट मोजून. २०१४ च्या डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की झोपडी कधीची आहे यावरून माणसाला पाणी नाकारता येत नाही. लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी उठवलेली कुटुंबे आणून ठेवली. ज्यांच्यामुळे शहराचा लोकल रेल्वेचा मार्ग मोकळा झाला तीच ही माणसे. पाणीपट्टीवरचा अधिभार सरसकट लावला तर शहापूरच्या गरिबाचा मोबदला मानखुर्दचा गरीब भरणार, आणि पिंपवाला तो दामदुपटीने वसूल करणार. शिवाय या विभागाने जवळपास शतकभर शहराचा कचरा पोटात घेतला. ही सेवा परिसंस्थेची नाही म्हणून तिला कोणत्याच यादीत जागा नाही. पण देवनारला कचरा वेचून तो वेगळा करणारे हात थांबले तर कांदळवनात जाणारे प्लास्टिक किती वाढेल, याचा विचार करावा.

पुरस्कर्ता : अधिभार चढत्या दराने लावता येतो. ठरावीक लिटरपर्यंत शून्य, पुढे पोहण्याचे तलाव नि हिरवळी असलेल्या संकुलांना जास्त. मीटर नसलेल्यांना वगळता येते. ही अडचण हिशेबाची आहे, तत्त्वाची नाही. तत्त्वाची अडचण एकच दिसते, आणि ती मान्य आहे : मानखुर्दच्या बाजूने करारावर सही कोणी करायची.

साशंक : आणि सही करण्याआधी नावे कोणी लिहायची. यादी पैसे जाहीर होण्याआधी व्हायला हवी. नंतर झाली तर होड्यांची संख्या रातोरात वाढते, मेलेले सभासद जिवंत होतात आणि गाळात उतरणारी बाई पुन्हा राहून जाते. म्हणून आधी नोंद, आधी हक्क, मग पैसे.

पुरस्कर्ता : हा क्रम न्याय्य आहे, पण आजवर तसा चाललेला नाही. खाडी पुलाच्या वेळी बाधित मच्छीमार कोण, हा प्रश्न शासनाने गांभीर्याने घेतला, कारण भरपाईचा मुद्दा न्यायालयात उभा होता. पैसा समोर नसेल तर कोणते खाते खाडीकाठी बसून वर्ष-दोन वर्षे नावे लिहील? हक्क आधी पाहिजे हे म्हणणे बरोबर आहे. फक्त हक्काची नोंद करायला लावणारी ताकदही पैशाच्या दाव्यातूनच आलेली आहे.

साशंक : म्हणजे दरवेळी आधी नुकसान, मग खटला, मग यादी. खाडी राखण्यासाठी हा क्रम उलटा आहे, कारण यादी होईस्तोवर राखायचे तेच गेलेले असते. आणि सहीचा प्रश्न तसाच राहिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि पुढे आपला बांबू आपण विकला, कारण तिथे वनहक्क कायद्याखाली निर्णय घेणारी ग्रामसभा होती. इथले सोनकोळी अनुसूचित जमातीत येत नाहीत, त्यामुळे वनहक्क मागायचा तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यायचा. तो पुरावाही शेवटी ग्रामसभेपुढेच ठेवायचा असतो. शहरासाठी क्षेत्रसभेची तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली, पण मुंबईत ती कागदावरच राहिली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे नगरसेवकही नव्हते. कारभार प्रशासकाकडे होता. गावाने होकार किंवा नकार द्यायचा तर कायदा ग्रामसभेकडे बोट दाखवतो. मानखुर्द एम-पूर्व विभागात येते, आणि तिथे ग्रामसभा नाही.